शालन आणि वरच्या खोलीतलं कार्ड

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी शालन माझ्याशी फारशी बोललीच नाही. बोलली ती आमच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूशी, ओंकारशी. तिच्या छातीत पाणी झालं होतं, नाकाला नळी होती, एक वाक्य बोलायचं तर मध्ये दोनदा थांबावं लागायचं. मी उशाशी मोसंबी सोलत बसलेलो. ओंकार ऑफिसातून थेट दवाखान्यात आला, तसं तिनं त्याला बोटानं जवळ बोलावलं.

"किती राहिलं रे?"

"दोन हप्ते, काकू."

"मग... जमलं की." असं म्हणून तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. तर डोळे न उघडताच त्याला म्हणाली, "ह्यांच्या चहात साखर पडू देऊ नकोस. मी नसले की डबा घिऊन बसतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या खाली टपरीवर चहा प्यायला गेलो. साखरेचाच. वर आलो तर नर्स दारात उभी. "बाबाजी..." एवढंच म्हणाली. मी तिला म्हणालो, बेटा, समझ गया. इतक्या वर्षांचा संसार आणि बाईनं मला चहाला पाठवून निरोप घेतला. समोर रडलेलं तिला कधी आवडलं नाही, ना तिचं ना माझं.

आता महिना होऊन गेला. इथल्या, चंडीगढच्या मराठी मंडळातली माणसं म्हणतात, वहिनींबद्दल चार ओळी लिहा. मला गोडगोड लिहिता येत नाही. शालन भांडकुदळ होती. भाजीवाल्याशी भांडायची, समोरच्या सरदारनीशी भांडायची आणि दुपारी तिच्याच ओट्यावर बसून मटार सोलायची. तिच्या चांगुलपणाच्या दहा गोष्टी सांगण्यापेक्षा मी एकच सांगतो, वरच्या खोलीतल्या कार्डाची. तीत ती सगळी आहे.

शालन कोरेगावकडची. मी फौजेत ड्रायव्हर. कुठं कुठं फिरून शेवटी चंडीगढला आलो आणि पेन्शनीत निघाल्यावर इथंच मनीमाजऱ्यात गल्लीतली जागा घेतली, दोन खोल्या खाली, एक वर. गावी का गेला नाहीत असं लोक विचारतात. शालनला इथली गाजरं आवडायची, हे खरं कारण. "तिकडं मिळत्यात का अशी लाल?" म्हणायची. मूलबाळ झालं नाही आम्हाला. त्याचं दुःख तिनं केलं असेल, मला दाखवलं नाही. त्याऐवजी दुसऱ्यांची लग्नं जमवत सुटली. तो तिचा धंदा नव्हता, खाज होती. कुणाचा पोरगा आयटी पार्कात लागला, कुणाची पोरगी नर्सिंगला आली, तिच्या डोक्यात लगेच जोडी तयार.

तशात ओंकार आला. बार्शीचा, कॉम्प्युटरच्या कंपनीत, सडसडीत, हसरा. वरची खोली घेतली आणि आठ दिवसांत "काकू, आज काय केलंय?" करत जिना उतरायला लागला. शालन खूश. फक्त एक गोष्ट तिला खटकायची. दिवसाआड दारात पार्सलवाला. कधी डबडं, कधी पिशवी. एकदा पोरानं नवे बूट दाखवले.

"काका, बारा हजारचे आहेत. मला नऊला पडले."

"पाय तेच ना?" मी म्हणालो.

शालननं विचारलं, "बाबा, येवढं पैसं आणतोस कुठनं?"

"कार्ड आहे ना, काकू! दोन लाखांचं लिमिट आहे. बँकेनं आपणहून वाढवून दिलं. पक्का रेकॉर्ड आहे आपला."

आता इथं आमचं फौजी डोकं आडवं आलं. आमच्याकडं कँटीनचं कार्ड असतं. त्याच्यावर महिन्याची लिमिट असते, एवढं सामान, एवढ्या बाटल्या. नोकरी केली म्हणून सरकारनं दिलेला तो आपला हक्क. ह्या महिन्याचा कोटा उचलला नाही तर वाया. इतकी वर्षं लिमिट म्हणजे आम्हाला तेवढंच माहीत. शालनला वाटलं, पोराच्या कंपनीनं आणि बँकेनं मिळून त्याला दोन लाखांचा हक्क दिलाय. मलाही तसंच वाटलं. तिनं त्याच दुपारी तिच्या भावाला, बबनला, फोन लावला. बबनची पोरगी स्वाती लग्नाची होती.

"बबन, पोरगं सोन्यासारखं हाय. दोन लाखाची लिमिट हाय त्याची!"

बबननं ते घरात सांगताना "दोन लाख शिल्लक" केलं. माहेरच्या वाडीत पोचेपर्यंत त्याची पाच लाखांची एफडी झाली.

स्वाती तिकडं पतसंस्थेत खिडकीवर बसते. पोरगी कमी बोलणारी, पण ओंकारशी फोनवर तासन् तास बोलायला लागली. तो जिन्यात बसून बोलायचा, शालन दाराआडून ऐकायची आणि मला खुणा करायची. पसंती झाली. याद्या करायला बबन आणि स्वाती चंडीगढला येणार, बार्शीहून ओंकारचे आईवडील येणार, असं ठरलं. शालननं पडदे धुतले. मला केस कापायला पाठवलं.

आणि मग तो फोन आला. शालनच्या मोबाइलवर. मी भाजी निवडत होतो. एक पोरगी बोलत होती, आवाज गोड.

"आंटी जी, ओंकार जी ने आपका नंबर दिया है. उनका पेमेंट ड्यू है, वो फोन नहीं उठा रहे."

"कायका पेमेंट?"

"कार्ड का, जी."

"बेटी, कार्ड में तो उसका दो लाख है. उसमें से काट लो ना!"

पलीकडची पोरगी हसू दाबत म्हणाली, "आंटी जी, वही तो उन्होंने काट लिया है."

शालननं फोन ठेवला आणि माझ्याकडं बघत राहिली. मी म्हणालो, अगं काय झालं? ती म्हणाली, "काय न्हाई. कायतरी लई मोठ्ठं झालंय."

संध्याकाळी ओंकारला खाली बोलावलं. शालननं आधी जेवायला वाढलं. पोटभर जेवू दिलं. आणि मग विचारलं. पोराचा चेहरा असा उतरला की मला लढाईतली माणसं आठवली. सगळं सांगितलं त्यानं. कार्ड एक नव्हतं, तीन होती. पहिल्यावर मोबाइल घेतला, बूट घेतले, मित्रांबरोबर कसौलीच्या फेऱ्या, हॉटेलं. बिल आलं की त्यात खाली एक छोटा आकडा असतो, किमान एवढे भरा. हा तेवढेच भरायचा.

"मला वाटायचं तेवढे भरले की झालं, काकू. कुणी ओरडत नाही, कार्ड चालू राहतं. उरलेल्यावर व्याज चढत होतं ते कळलंच नाही. म्हणजे... कळलं, पण बघायला भीती वाटायची. मग दुसऱ्या कार्डातून पहिल्याचे भरले. तिसऱ्यातून दुसऱ्याचे."

"ह्याची टोपी त्याला," मी म्हणालो.

"हां, काका. आणि टोप्या संपल्या."

शालन बराच वेळ एकाच ठिकाणी अडकलेली. "म्हंजे, ते दोन लाख तुझं नव्हतंच?"

"नाही, काकू. बँकेचे. उधार घ्यायची हद्द असते ती."

"आरं देवा! मी समद्या वाडीला सांगून बसले की रं!" आणि बाई चक्क हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली, पार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी कसलं होतं मला माहीत नाही.

मी सरळ माणूस. मी म्हणालो, हे लग्न मोडा. पोरीला खड्ड्यात घालू नका. ओंकार म्हणाला, "काका, मोबाइलवर एक ॲप आहे. पाच मिनिटांत कर्ज देतात. याद्यांच्या आत तिन्ही कार्डं भरून टाकतो. कुणाला काही कळणार नाही."

"आणि त्या ॲपवाल्याचं कोण भरणार? तुझा आजा?" शालन म्हणाली. "ऐका दोघं. लगीन मोडायचं का ठेवायचं ते ना तुमी ठरवायचं, ना मी. ते स्वाती ठरवंल. आणि तिला हा सांगंल. माझ्या तोंडानं न्हाई, ह्याच्या. याद्यांच्या दिवशी, समद्यांच्या म्होरं."

"काकू, सगळ्यांसमोर? प्लीज..."

"बूट समद्यांला दाखवलंस न्हवं?"

याद्यांच्या आधीच्या त्या पंधरवड्यात तो फोन रोज यायचा. ओंकारनं त्या पोरीला स्वतः फोन करून महिन्याची मुदत मागितली होती, तरी तिचे साहेब तिला लावायला सांगत असावेत. शालन तिला विचारायची, "बेटी, रोटी खाई?" ती म्हणायची, "आंटी जी, पहले पेमेंट की डेट बताइए." मग ही तिला विचारायची, लग्न झालं का, घरी कोण कोण, आई काय करते. एकदा एका बाप्याचा फोन आला. अरेरावी करत म्हणाला, घर आकर तमाशा करेंगे. शालन म्हणाली, "आ जाओ जी. पर हमारी गली में तमाशा पहले से चालू रहता है. सामनेवाली सरदारनी से नंबर लेना पड़ेगा." त्याचा परत फोन आला नाही.

आमच्याकडं लग्नाआधी दोन्ही घरची माणसं बसून याद्या करतात. जेवण कुणाचं, कपडे कुणाचे, मंडप कुणाचा, सगळं सगळ्यांसमोर ठरवून लिहायचं, म्हणजे मागनं भांडण नको. आमच्या पुढच्या खोलीत बैठक झाली. बबन लिहायला, ओंकारचे वडील सांगायला. कपडे झाले, भांडी झाली, जेवणावर आलं. शालन म्हणाली, "बबन, आता पोराचं देणं घे."

"कसलं देणं?"

शालननं ओंकारकडं बघितलं. "बोल."

पोरगं उभं राहिलं. शाळेत उभं राहतात तसं. तिन्ही कार्डांचं सांगितलं. व्याज धरून तीन लाखांच्या घरात गेलंय म्हणाला. बबननं चष्मा काढला.

"आक्का, तू तर म्हणालीस दोन लाख हायेत!"

"व्हय, म्हणाले हुते. चुकलंच माजं. कँटीनवाणी लिमिट वाटली मला. आता तीन झाल्यात, पण उलट्या अंगाला."

कुणी हसलं नाही. ओंकारचे वडील जमिनीकडं बघत होते. आई रडत म्हणाली, "माझ्या पाटल्या मोडते मी. पण पोराला नावं ठेवू नका." शालननं तिचा हात धरला. "पाटल्यांला हात लावायचा न्हाई, वहिनी. त्या तुमच्या."

स्वातीनं ओंकारला सरळ विचारलं, "नवं कर्ज काढून जुनं झाकणार होतास?"

"हो. काकूंनी अडवलं."

"आणि आज सांगितलं नसतंस तर?"

"तर लग्नाचा खर्चपण कार्डावरच केला असता."

मला वाटलं, संपलं. आता ही उठणार. पण ते ऐकून पोरीचा चेहरा सैल झाला. पतसंस्थेच्या खिडकीवर दिवसभर खोटं ऐकायची सवय असेल, खरं बरोबर ओळखू आलं तिला. म्हणाली, "मग मी थांबते. तू फेड. माझ्या बापानं एक रुपया द्यायचा नाही आणि तुझ्या आईनं पाटली मोडायची नाही. फिटलं की कळव."

"आणि वरीस लागलं तर?" बबन म्हणाला.

"तर वरीस."

"आणि ह्यानं परत कार्ड घासलं तर?" शालननं विचारलं.

"तर आत्या, तू दुसरा भाडेकरू बघ."

तेव्हा मात्र सगळे हसले. पहिल्यांदा ओंकारची आई हसली, रडता रडता. बबननं याद्यांचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "जेवायला वाढ, आक्का. भूक लागली."

दुसऱ्याच आठवड्यात शालन त्याला घेऊन बँकेत गेली. मला म्हणाली, तुमी पण चला, फौजी मिशी बरी दिसती. आत एक सरदारजी अधिकारी होते, भले माणूस. त्यांनी सांगितलं, कार्डाचं व्याज फार असतं, तिन्हींचं मिळून एक साधं हप्त्याचं कर्ज करून घ्या, व्याज निम्म्याहून कमी बसेल, आणि कार्डं बंद करा. हे त्या पोराला कुणी आधी सांगितलं नव्हतं, आणि लाजेपायी त्यानंही कुणाला विचारलं नव्हतं. लाज ही लई महाग पडते बघा. बाहेर येताना एका टेबलावरच्या पोरीनं शालनला थांबवलं. "आंटी, आपके लिए भी कार्ड है. लाइफटाइम फ्री!"

"फ्री? तेरी मम्मी को दिया?"

"नहीं जी..."

"पहले उसको दे. वो अच्छा बोली तो मैं लेगी."

मग ते वर्ष सुरू झालं. ओंकारनं मोटारसायकल विकली, सायकलनं ऑफिसला जायला लागला. नवा मोबाइल विकून जुना घेतला. जेवण आमच्याकडं. शालन त्याच्याकडून जेवणाचे पैसे घ्यायची, कमी पण घ्यायची. मी म्हणालो, असू दे की, पोरगं अडचणीत आहे. तर म्हणाली, "फुकट खाल्लं की परत सवय लागंल." पार्सलवाला चुकून आला की दारातनंच ओरडायची, "इधर कोई नहीं रहता!" आणि ओंकार वरच्या खिडकीतून म्हणायचा, "काकू, ते सरदारनीचं आहे!" रविवारी मित्र डोंगरात निघाले की हा गच्चीवर शालनचे पापड वाळत घालायचा. कधी कधी चिडायचा. एकदा म्हणाला, "काकू, मी सत्तावीसचा आहे, कैदी नाही." शालन म्हणाली, "मग बाहीर जा की. कुलूप कुटं हाय?" गेला नाही. त्या दिवशी पापड मात्र वाकडेतिकडे घातले.

हप्ते वेळेवर जायला लागले तसे त्या गोड आवाजाच्या पोरीचे फोन बंद झाले. शालनला चुकल्या-चुकल्यासारखं वाटायचं. "बिचारीचं लगीन ठरलं का कोण जाणं," म्हणायची. तिचंही जमवून टाकलं असतं हिनं.

हे वाचणाऱ्या पोरापोरींना मला एकच सांगायचंय, आणि मी गोड बोलणार नाही. कार्ड घासताना खिशातून काहीच जात नाही असं वाटतं, तीच त्याची चलाखी. खालचा छोटा आकडा भरून जो निवांत झोपतो, त्याचा मोठा आकडा जागा असतो. अडकलात तर घरात सांगा. ओरडा खावा लागेल. ओरड्याला व्याज नसतं.

थंडी सरताना शालनचा दम वाढला. तरी दर महिन्याला जिन्याखालून ओरडून विचारायची, "किती राहिलं रे?" तो वरून आकडा सांगायचा. सगळी गल्ली ऐकायची. सरदारनीनं तर एकदा माझं अभिनंदन केलं, "भाई साब, आधा हो गया!" शालनला स्वातीच्या अंगाला हळद लावायची होती. त्यासाठी पिवळं लुगडंही काढून ठेवलं होतं. ते राहिलं. पण तिनं बबनला दवाखान्यातूनच बजावलं होतं, मी गेले म्हणून वर्षभर पोरांना अडवून ठेवू नका. माझ्या नावानं जेवण घालायचं ते लग्नातच घाला.

शालनची एक पद्धत होती, ती इथं सांगतो. लोक नवी वस्तू घरात आली की तिला हळदकुंकू वाहतात. ही वाहायची नाही. आम्ही फ्रिज हप्त्यानं आणला होता. मी म्हणालो, अगं कुंकू लाव. म्हणाली, "अजून दुकानदाराचा हाय." शेवटचा हप्ता भरून आलो त्या दिवशी तिनं करंडा काढला, पाच बोटं कुंकवात बुडवून फ्रिजच्या दाराला उठवली आणि म्हणाली, "आता आपला झालास." ती पाच बोटं अजून आहेत. रंग गेलाय, तपकिरी डाग राहिलाय. आता सकाळी दूध काढायला गेलो की त्याच्यावर माझा हात पडतो. तिचा पंजा केवढासा होता, ते मला आता कळतंय.

गेल्या रविवारी ओंकार खाली आला. मोबाइल माझ्यापुढं धरला. "काका, झालं. शून्य." दोघंही स्वयंपाकघरात उभे. काय करावं कुणालाच सुचेना. ज्या बाईला सांगायचं तीच नाही. मग तो फ्रिजकडं बघून म्हणाला, "काकू असत्या तर कुंकू लावलं असतं."

मी फळीवरचा करंडा काढला. "आण, त्या कार्डाच्या पैशातलं काय आणलंस ते. मी लावतो."

तो वर गेला. बराच वेळ आला नाही. आला तो रिकाम्या हातानं. नवा मोबाइल विकलेला, मोटारसायकल विकलेली, बुटांचे तळ गेले म्हणून ते भंगारवाल्याला दिलेले. कसौली बघून झाली, हॉटेलातलं खाऊन झालं. तीन लाख फेडले पोरानं, आणि कुंकवाचं बोट टेकवायला एक वस्तू शिल्लक नव्हती.

"काहीच नाही राहिलं, काका," तो म्हणाला.

मी म्हणालो, इकडं ये. मला कुंकू लावायची सवय नाही. पोराच्या कपाळावर टिळा वाकडा गेला, अर्धा भुवईत उतरला. म्हणालो, "आता आपला झालास." तो हसला, आणि तसाच जिन्यात बसून स्वातीला फोन लावायला गेला. तिकडून तिचा हसण्याचा आवाज आला, मग बबनचा, मग सगळ्यांचाच.

माझ्या बोटाला थोडं कुंकू उरलं होतं. ते मी फ्रिजच्या दाराला पुसलं, तिच्या बोटांच्या शेजारी.